तिसऱ्यांना (खाडीतल्या शिंपल्यांना) रॉकेलचा वास येतोय : बाटलीभर पाणी तपासून काय कळणार?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते दोघांनाही स्पष्ट राहील. मृगाचे पहिले दोन-तीन जोराचे पाऊस झाले आणि एका सकाळी खाडीत बोयी, शिंगाळे मरून वर आले. पाण्याला तांबूस झाक होती आणि वास येत होता. तिसऱ्या दिवशी तुमच्या वडिलांनी धक्क्यावरून मिनरल वॉटरच्या बाटलीत पाणी भरलं आणि कुरियरने शहरातल्या एका प्रयोगशाळेला पाठवलं. रिपोर्टात सामू (पीएच) ७.४, बीओडी (जंतूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला १८ मिलिग्रॅम, तेल व ग्रीस ६, हे सगळं ‘मर्यादेत’. सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) तेवढा ४१०, ‘मर्यादेबाहेर’. आता गाव सीओडीचा आकडा घेऊन वरच्या औद्योगिक वसाहतीवर मोर्चा न्यायच्या तयारीत आहे आणि कारखानेवाले म्हणताहेत, हा तर मिठाचा आकडा. इकडे घरात तिसऱ्या उकडल्या की रॉकेलसारखा वास सुटतो. खायच्या की नाही, आणि पुढची तपासणी कुठे करायची, असं तुम्ही विचारलंय.

खाडीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि या उत्तरापुरतं त्याने बिघडत नाही. कोकणातल्या बऱ्याच मोठ्या नद्यांच्या काठी किंवा जवळ एक औद्योगिक वसाहत आहेच : पाताळगंगेवर रसायनी, कुंडलिकेवर रोहा-धाटाव, सावित्रीवर महाड, वाशिष्ठीच्या बाजूला लोटे-परशुराम. अशा खाड्यांचं पाणी, गाळ आणि शिंपले तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्या जोरावर सांगते की तुमच्या रिपोर्टात ज्या आकड्यावरून भांडण चाललंय तो आकडा पोकळ आहे आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही तो खरं बोलतोय.

कडू भाग आधी. सीओडीच्या बाबतीत कारखानेवाले बहुधा बरोबर आहेत. या चाचणीत पाण्यात डायक्रोमेट आणि आम्ल घालून उकळतात आणि किती डायक्रोमेट खर्च झालं ते मोजतात. डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थ जाळतं तसं क्लोराइडलाही खातं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं; ते सगळं चाचणीत खपलं तर नुसत्या मिठाचाच सीओडी ४,००० च्या वर जाईल. क्लोराइडला बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, पण नेहमीच्या पद्धतीत ते लिटरला २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच भरवशाचं असतं. तुमच्या धक्क्यावरचं पाणी जूनच्या सुरुवातीला त्याहून नक्कीच खारट असणार. रिपोर्टात क्लोराइड किंवा क्षारतेचा आकडाच नाही, म्हणजे लॅबने हे पाणी खाडीचं आहे याचा विचार केला की नाही इथपासून शंका आहे. ४१० मधले ४०० मिठाचे असू शकतात, किंवा १०० असू शकतात. सांगता येत नाही, आणि जो आकडा सांगता येत नाही तो घेऊन मोर्चा काढला तर समोरचा केमिस्ट पाच मिनिटांत हवा काढून घेईल. मी दोन गावांत हे होताना पाहिलंय. त्यानंतर त्या गावांची खरी तक्रारही कोणी ऐकेना.

आता बीओडी. १८ ला ‘मर्यादेत’ म्हटलंय ते कोणत्या मर्यादेत? कारखान्याच्या किंवा सांडपाणी केंद्राच्या पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला नदीनाल्यात सोडताना बीओडी ३० आणि किनारी समुद्रात सोडताना १०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा असते. लॅबने तुमच्या खाडीचं पाणी त्या तक्त्याला लावलं. पण खाडी म्हणजे काही पाइप नव्हे. किनारी पाण्यासाठी वेगळे निकष आहेत : जिथे पोहतात आणि व्यापारी मासेमारी होते त्या एसडब्ल्यू-२ वर्गात बीओडी ३ च्या आत हवा आणि विरघळलेला ऑक्सिजन ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा तरी हवा. शिंपले काढण्याच्या जागा, मिठागरं वगैरे एसडब्ल्यू-१ मध्ये येतात, तिथे ऑक्सिजन ५ किंवा ६० टक्के. तुमच्या पट्ट्याला नेमका कोणता वर्ग लागू आहे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारा. पण एसडब्ल्यू-२ चा निकष धरला तर १८ हा ३ च्या सहापट आहे.

या १८ चा अर्थ समजून घ्या. २८ अंशांच्या आसपास तापलेल्या खाऱ्या पाण्यात लिटरला सहा-साडेसहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन मावतच नाही. आपल्याकडे बीओडी २७ अंशांना तीन दिवस ठेवून मोजतात. म्हणजे त्या पाण्यातल्या घाणीला तीन दिवसांत जेवढा ऑक्सिजन लागेल, तो पाण्याच्या एकूण साठ्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. वरून वारा आणि भरती जेवढी भर घालतील तेवढीच माशांना श्वास. आणि हा आकडा साध्या बाटलीत, बर्फाविना, कुरियरमध्ये एक-दोन दिवस घालवलेल्या पाण्याचा. वाटेत जंतूंनी आधीच काही खाऊन टाकलं असणार, त्यामुळे मूळ आकडा यापेक्षा जास्तच असण्याची शक्यता. हं, मेलेले मासे दोन दिवस त्याच पाण्यात कुजत होते, त्याचाही वाटा यात आहे, हे प्रामाणिकपणे धरायला हवं.

तर तुमच्या एका प्रश्नात खरं म्हणजे तीन प्रश्न गुंतलेत : मासे कशाने मेले, तिसऱ्यांत काय आहे, आणि ते कोणी सोडलं. तिन्हींसाठी नमुने वेगळे लागतात, वेळा वेगळ्या लागतात. एका बाटलीत तिन्ही उत्तरं कोंबायला गेलात म्हणून एकही मिळालं नाही.

इथे एका शब्दाचा घोळ निस्तरू. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला शेणखत आणि गांडूळ आठवतात. रसायनशास्त्रात कार्बनच्या सांगाड्यावर उभं असलेलं जवळपास प्रत्येक संयुग सेंद्रिय : साखर, खोबरेल, डिझेल, फिनॉल, टोल्युइन, डीडीटी. पण खाडीत त्यांची वागणूक दोन टोकांची असते. साखर, मळी, अल्कोहोल, बरीच आम्लं पाण्यात विरघळतात. जंतू त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या मेजवानीत पाण्यातला ऑक्सिजन संपतो. हे प्रदूषण माशांना गुदमरवतं आणि काही दिवसांत मागमूस न ठेवता जातं. दुसरा गट तेलकट : डिझेलमधले हायड्रोकार्बन, डांबरातले आणि धुरातले पीएएच (कार्बनची अनेक कडी जोडलेली संयुगं), क्लोरीन जोडलेली कीटकनाशकं, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी (हीही क्लोरीन जोडलेलीच). यांना पाणी आवडत नाही. डीडीटी घ्या : पाणी आणि तेलकट द्रव एकत्र ठेवले तर ते तेलात पाण्याच्या दहा लाख पटींहून जास्त जातं. म्हणून असे पदार्थ पाण्यात तरंगत बसत नाहीत. मातीच्या बारीक कणाला, कुजलेल्या पानाला, शेवाळाला चिकटतात आणि त्यांच्याबरोबर खाली बसतात.

आणि खाडीत ते बसायची जागाही ठरलेली असते. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे नदीचे बारीक कण मिठामुळे एकमेकांना धरून गोळा होतात आणि जड होऊन तळाला जातात. भरती-ओहोटी तो गाळ मागे-पुढे करते, पण सगळा समुद्रात जाऊ देत नाही. तिवराच्या मुळांत, खाजणाच्या कडेला, वळणाच्या आतल्या बाजूला तो साठतो. तुमचे लोक तिसऱ्या आणि मुळे (हेही शिंपलेच) काढतात त्या जागा बहुतेक याच पट्ट्यात असतील. पाणी आज इथे तर उद्या खाडीच्या तोंडाबाहेर. गाळ मात्र वर्षानुवर्षं जागा सोडत नाही. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली, तरी गाळात त्याचा अंश अजून सापडतो, आणि तो जुना की नवा हेही कळतं : मूळ डीडीटीपेक्षा त्याचं विघटन होऊन झालेलं डीडीई जास्त असेल तर माल जुना, उलटं असेल तर कोणीतरी अलीकडे वापरलंय.

माशांकडे वळू. त्या सकाळी तिथे कोण होतं त्याला तीन गोष्टी विचारा. मासे पहाटे वर आले की दिवसाउजेडी? ऑक्सिजन संपून होणारं मरण बहुधा पहाटेचं असतं, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं आणि देत काहीच नाही. आधी मोठे मेले की लहान? गुदमरताना मोठे आधी जातात, तोंड पृष्ठभागावर काढून आचके देतात. विषात लहान-मोठे सरसकट जातात, बरेचदा लहान आधी, आणि मरण्यापूर्वी गरगर फिरणं, उलटं होणं असले प्रकार दिसतात. तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो : निवट्यांचं काय झालं? चिखलावर उड्या मारणारा तो डोळे वर आलेला मासा हवेतून श्वास घेऊ शकतो. पाण्यातला ऑक्सिजन गेला तर निवट्या आणि कुर्ल्या काठावर चढून बसतात, जगतात. निवट्याही मेल्या असतील तर विषाचा संशय मी खूप गांभीर्याने घेईन. हा काही कोर्टात चालणारा पुरावा नाही, पण पुढे कुठले पैसे खर्चायचे ते यावरून ठरतं.

पहिल्या पावसाचा दोष सरसकट कारखान्यावर टाकायला मी तयार नाही, हे स्पष्ट लिहिते. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला मैला, गुरांचं शेण, कुजलेला पाला, रस्त्यावरचं ऑइल हे सगळं त्याच दोन दिवसांत खाडीत उतरतं. गोड्या पाण्याचा एकदम लोंढा आला की खाऱ्याला सरावलेले मासे तसेही बेजार होतात. बागांतली फवारणी हा दुसरा मुद्दा. तुडतुड्यांसाठी आंब्यावर मारतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं माणसाला तुलनेने सौम्य, पण मासे आणि कोळंबीला अत्यंत विषारी असतात. मोहोराच्या फवारण्या जूनच्या बऱ्याच आधी संपतात, म्हणून मला तो मुख्य संशयित वाटत नाही; पण कोणी पऱ्यात (ओढ्यात) पंप धुतला, किंवा वहाळात औषध टाकून मासे पकडायचा उद्योग केला, तर एका रात्रीत खालचा अर्धा किलोमीटर साफ होतो. तुमच्या गावात असं कधी झालं नसेल तर नशीबवान आहात. याचबरोबर हेही खरं की सांडपाणी सोडायचंच असेल तर सोडणाऱ्याला मोठ्या पावसाची रात्र सोयीची असते. त्यामुळे पावसातली घटना म्हणजे निसर्गच, असंही कोणी गळी उतरवू लागलं तर मान डोलवू नका.

खाडीचं वेगळेपणही धरायला हवं. वाशिष्ठीत कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी पोफळीकडून येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे गोडं पाणी वाहतं आणि वीज किती तास तयार झाली त्यावर खाडीतली गोड्या-खाऱ्या पाण्याची भेळ बदलते. लहान नद्यांच्या खाड्यांत मे महिन्यात वरून येणारं पाणी जवळजवळ नसतंच. जे पडेल ते भरती-ओहोटीबरोबर तिथल्या तिथे फिरत राहतं. त्यातून भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस असले तर आणखीच. म्हणून दुसऱ्या खाडीचा अनुभव आपल्या खाडीला जसाच्या तसा लावू नका, माझाही.

आता तिसऱ्या. त्यांच्या वासाने मी खरी सावध झाले. तिसरी, मुळा, कालव ही मंडळी दिवसभर पाणी गाळत बसतात. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी सहज गाळतं. जे तेलकट ते अंगात राहतं. माशाचं यकृत पीएएचसारखे पदार्थ काही दिवसांत मोडून पित्तावाटे बाहेर टाकतं, म्हणून माशाच्या मांसात ते शोधायला गेलं तर बरेचदा हाती काही लागत नाही आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. शिंपल्यांना ही मोडतोड फारशी जमत नाही. त्यांच्या मांसात गेल्या काही आठवड्यांचा हिशेब लिहिलेला असतो. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने जगभरच्या किनाऱ्यांवर पहारा ठेवायला शिंपलेच वापरा असं सुचवलं ते याच कारणाने, आणि अमेरिकेत १९८६ पासून तसा कार्यक्रम चालूही आहे. तुमच्याकडे ती यंत्रणा फुकट चिखलात बसलेली आहे.

वास खरा की मनाचा, हे आधी घरच्या घरी ठरवा. दूरच्या, स्वच्छ म्हणून माहीत असलेल्या खाडीतून पाव किलो तिसऱ्या आणा. मीठ-मसाला काही न घालता तीन सारख्या झाकणाच्या भांड्यांत वाफवा : दोनमध्ये बाहेरच्या आणि एकात तुमच्या. भांड्यांची अदलाबदल करून घरातल्या सात-आठ जणांना एकेकट्याने फक्त हुंगायला सांगा, खायचं नाही, आणि वेगळं भांडं कोणतं ते विचारा. नुसत्या अंदाजाने तिघांतला एकच बरोबर सांगेल. आठांतल्या सातांनी तेच भांडं दाखवलं तर वास खरा. आम्ही प्रयोगशाळेत हेच करायचो, फक्त खोल्या वातानुकूलित होत्या आणि चहा बरा मिळायचा. एक इशारा : वास येणं आणि विषारी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. क्लोरोफिनॉलसारख्या काही पदार्थांचा वास इतक्या कमी प्रमाणात येतो की तेवढ्याने अपाय होईलच असं नाही. आणि पीसीबीसारख्यांचा वास अजिबात येत नाही.

तरीही खायचं की नाही याला मी ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ असं उत्तर देणार नाही. रॉकेलचा वास खरा ठरला तर त्या पट्ट्यातल्या तिसऱ्या, मुळे, कालवं वास जाईपर्यंत आणि त्यानंतर आणखी तीन-चार आठवडे बंद. हलक्या तेलाचा अंश पाणी स्वच्छ झालं तर काही आठवड्यांत बराच उतरतो. जड पीएएच आणि क्लोरीनवाले पदार्थ महिनोन् महिने रेंगाळतात, आणि वरून घाण येतच राहिली तर उतरणं विसरा. उकडून, तळून, कोकम घालून हे पदार्थ जात नाहीत. तिसऱ्यांचं पाणी आपण रश्शात घालतो, तेही नको. मेलेला किंवा सुस्त होऊन हाताला लागलेला मासा कोणालाही विकू नका, सुकवायलाही घालू नका. पागाने (फेकायच्या जाळ्याने) जिवंत, तडफडता मिळालेला बोय वासाला चांगला असेल तर प्रौढ माणसाने कधीतरी खायला माझी हरकत नाही, यकृत आणि आतडी मात्र टाकून द्या. गरोदर बाई आणि लहान मुलं असलेल्या घरात मी तोही काही आठवडे बाहेरच्या समुद्रातला घेईन. खोल समुद्रातल्या बांगड्या-तारल्यांचा या घटनेशी संबंध नाही. उगाच घाबरून बाजार पाडू नका. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळून सुमारे ८०० टन तेल सांडलं, तेव्हा जिथे तेलाचा थेंबही पोचला नव्हता तिथल्या कोळणींच्या टोपल्याही भरलेल्या परत गेल्या होत्या.

नमुने कसे घ्यायचे, हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळी माती इथेच होते. माझीही झाली होती. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी एका खाडीचे महिनाभराचे नमुने होडीतून आणले, सगळ्यांत डिझेल निघालं, आणि मी मोठ्या उत्साहाने अहवाल लिहायला घेतला. वरिष्ठांनी एकच विचारलं, ‘कोरी बाटली कुठाय?’ कोरी बाटली म्हणजे शुद्ध पाणी भरून नमुन्यांबरोबरच फिरवून आणलेली बाटली. ती मी नेलीच नव्हती. पुढच्या फेरीत नेली आणि तिच्यातही डिझेल निघालं. बाटल्यांचा खोका होडीत डिझेलच्या कॅनला टेकून ठेवलेला असायचा. महिन्याचं काम पाण्यात. तेव्हापासून कोरी बाटली नसलेल्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

तेलकट पदार्थांसाठी प्लास्टिकची बाटली चालत नाही. प्लास्टिक स्वतःची रसायनं पाण्यात सोडतं आणि पाण्यातली स्वतःत ओढून घेतं. लॅबकडून धुतलेली तपकिरी काचेची बाटली मागून घ्या, ती खाडीच्या पाण्याने विसळू नका, कारण तेल काचेला चिकटतं आणि आकडा फुगतो. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी, म्हणजे टोल्युइन, झायलीन वगैरे, छोट्या काचेच्या कुप्या मिळतात. त्या काठोकाठ भरून बुडबुडा न ठेवता बंद करायच्या. ऑक्सिजन जागेवरच मोजायचा किंवा जागेवरच दोन रसायनं घालून पक्का करायचा. नंतर मोजलेला ऑक्सिजन म्हणजे वाटेतली गंमत. सगळं बर्फात. होडीचं इंजिन बंद, नमुना नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून घ्यायचा, हाताला डास मारायचं मलम नको आणि तोंडात विडी नको.

वेळ ओहोटीच्या शेवटाची. भरतीला तुम्ही समुद्राचं पाणी तपासता, ओहोटीच्या शेवटी वरून आलेलं. तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचं, हे गणित वडिलांना तोंडपाठ असेल : अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे बाराच्या पुढेमागे सुकती (पूर्ण ओहोटी); खाडीत आत गेलं की आणखी थोडा उशीर. तुमची बाटली मासे मेल्याच्या तिसऱ्या दिवशी भरली गेली. तोवर चार-पाच भरत्या येऊन गेल्या होत्या.

पण माझं ऐकाल तर पैसे पाण्यावर कमी आणि गाळ-शिंपल्यांवर जास्त घाला. सुकतीला वरचा दोन-तीन सेंटिमीटर मऊ चिखल स्टीलच्या चमच्याने घ्यायचा, वाळू नको, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. एक नमुना सांडपाण्याच्या तोंडाच्या वर, एक खाली, एक तिसऱ्यांच्या जागेचा आणि एक शेजारच्या वसाहत नसलेल्या खाडीचा, सगळे त्याच आठवड्यात आणि चिखल शक्य तेवढा सारख्याच बारकाईचा. बारीक चिखलात सेंद्रिय पदार्थ जास्त धरले जातात. एका जागेची वाळू आणि दुसरीचा गाळ यांची तुलना करून दोषी ठरवणं हा अन्याय आहे. तिसऱ्या प्रत्येक जागेच्या वीस-पंचवीस, सारख्या आकाराच्या.

पाण्यावरच्या तवंगाबद्दल तुम्ही फोटो टाकलाय. रंगीत दिसतो म्हणजे तो डिझेलचाच असं नाही. काठीने ढवळून बघा : खाजणातल्या लोहजंतूंचा तवंग कपची फुटल्यासारखा तुकड्यांत मोडतो आणि मोडलेलाच राहतो, तेलाचा तवंग काठी काढताच परत जुळतो. आणि तेलाचा असला तरी घाबरवणारा विस्तार नेहमीच मोठ्या गळतीचा नसतो. एक लिटर डिझेल एक मायक्रॉन जाडीत पसरलं तर जवळजवळ दहा गुंठे झाकतं. बिल्जचं (होडीच्या तळात साचलेलं) काळं पाणी धक्क्यावर सोडणाऱ्या आपल्याच यांत्रिक होड्या एका सकाळी तेवढं सहज करतात. हे गावकीत सांगायला अवघड आहे, पण मोर्च्याआधी सांगितलेलं बरं. नाहीतर समोरचा सांगेल. मे-जूनपासून उघड्या किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे तर समुद्रातून, जहाजं आणि तेलविहिरींकडून येतात, त्यांचा खाडीशी संबंध नाही. पायाला चिकटले तर खोबरेल लावून पुसा, पेट्रोल नको.

लॅबची निवड करताना ‘पाणी तपासता का’ एवढंच विचारू नका. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि ती गाळ व शिंपल्यांतल्या हायड्रोकार्बन आणि पीएएचसाठी आहे का, ते विचारा. मान्यता चाचणीनुसार असते, इमारतीला नसते. रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मुंबईतली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र इथल्या लोकांना या विषयाची जाण आहे. गावातर्फे, सरपंचाच्या सहीने पत्र दिलंत तर निदान सल्ला मिळायला हरकत नसावी. लॅबकडून फक्त ‘एकूण हायड्रोकार्बन’ हा आकडा घेऊन गप्प बसू नका. तिवराच्या पानावरच्या मेणातही हायड्रोकार्बन असतात, आणि त्यात २७, २९, ३१ अशी विषम कार्बनची साखळी उठून दिसते. डिझेलमध्ये सम-विषम सारखेच, पायऱ्यांसारखे ओळीने येतात. जुनं ऑइल असेल तर आलेखात पायऱ्यांऐवजी टेकडीसारखा फुगवटा येतो. कारखान्यातली द्रावकं किंवा मध्यवर्ती रसायनं यांचा चेहरा तर आणखीच वेगळा. जीसी-एमएसचा, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा तो आलेख म्हणजे बोटांचे ठसे.

कोणी सोडलं हा शेवटचा प्रश्न मात्र तुमच्या बाटलीने सुटणार नाही, कायद्यानेच. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्या समोर दोन भाग करून, सील-सही करून घेतलेला असेल तरच खटल्यात पुरावा म्हणून चालतो. म्हणून मासे वर आले की बाटली शोधण्याआधी मंडळाच्या कार्यालयाला फोन करा, लगेच ईमेल करा, तलाठी किंवा मत्स्य विभागाचा माणूस बोलावून पंचनामा करून घ्या, आणि मोबाइलवर तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. नुकसानभरपाईसाठी हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम पीठ पुण्यात आहे. तिथे पुरावा कायद्याचे नियम तितके बांधून ठेवत नाहीत, त्यामुळे गावाने पद्धतशीर घेतलेले गाळ आणि तिसऱ्यांचे आकडे तिथे मांडता येतात. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई करून कच्चा रिपोर्ट जोडायची गरज नाही.

थोडक्यात तुमच्यापुरतं : सीओडीचा मुद्दा मोर्च्याच्या पत्रकातून आज काढा, त्या जागी बीओडी १८ विरुद्ध ३ घाला, आणि नमुना कधी, कसा घेतला तेही त्यातच लिहा. तिसऱ्यांची वासाची परीक्षा या रविवारी करा. त्यात वास ठरला तर येत्या अष्टमीच्या सुकतीला गाळ आणि तिसऱ्या काढा, कोरी बाटली बरोबर ठेवा. रिपोर्ट आला की मला आकड्यांचं पान पाठवू नका, त्यामागचं आलेखाचं पान पाठवा. ते लॅब सहसा जोडत नाही, मागून घ्यावं लागतं.